यासीन सरांचं प्रिटेंड

प्रत्येक माणसाचा एक लाडका शब्द असतो. माझ्या सासूबाईंचा 'उगीच' होता, आमच्या मुख्याध्यापकांचा 'तूर्तास'. पण परक्या भाषेतल्या एका क्रियापदाच्या प्रेमात पडून त्याच्याशी आयुष्यभर संसार करणारा माणूस मी एकच पाहिला. ते यासीन सर, आणि तो शब्द म्हणजे प्रिटेंड.

उंद्रीच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. दोघंही चिखलीला राहायचो आणि सकाळी एकाच जीपने जायचो. जीपवाला मला पुढे बसवायचा आणि सरांना मागे, पोती, कोंबड्या आणि विड्यांच्या धुरात. तिथून सर उतरायचे ते पांढऱ्या शर्टाची इस्त्री जशीच्या तशी घेऊन. माझी साडी मात्र पुढच्या सीटवर बसूनही बोळा झालेली असायची. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी एकटाच बसेल हाय असं समजतो, बाई. स्वतःच्या मोटरीत. ड्रायव्हर ठेवेल हाय."

अंगाने काटकुळे, मिशी बारीक, आणि आवाज असा दणदणीत की तो त्या देहातून निघतोय यावर नव्या माणसाचा विश्वास बसायचा नाही. वडील पिंजारी होते, चिखलीत गाद्या भरायचे. कापूस पिंजायची धुनकी सरांनी कधी हातात घेतली नाही, पण बोटं बापाचीच होती. कपाशीच्या दिवसांत पोरं शेतातून परस्पर शाळेत यायची. कुणाच्या कॉलरला कापूस चिकटलेला दिसला की सर व्याकरण थांबवून तो काढणार, दोन बोटांत ओढून पाहणार आणि "बीटी" एवढंच म्हणून पुन्हा व्याकरणाकडे वळणार. त्या वर्षांत सगळीच कपाशी बीटी होती, त्यामुळे त्यांचं निदान कधी चुकायचं नाही.

आता त्या शब्दाकडे येते. आठवीच्या गाइडमध्ये 'प्रिटेंड म्हणजे ढोंग करणे' असं छापलेलं होतं. ते वाचून सरांचं डोकं फिरायचं. एकदा मधल्या सुट्टीत ते गाइड माझ्यासमोर आपटून म्हणाले, "बाई, तुमच्या मराठीनं या शब्दावर अन्याय केला."

मराठीवर कोणी बोट ठेवलं की मी डबा बाजूला ठेवते. "ढोंग नको असेल तर सोंग घ्या," मी म्हटलं. "आव आणणे घ्या, बहाणा घ्या, भासवणे घ्या. आमच्याकडे काय कमी आहे?"

सरांनी एकेक शब्द तपासायला घेतला. पोटात दुखतं सांगून पोरगं घरी पळालं, तर तो बहाणा. गणिताच्या सरांना उदाहरण येत नाही, पण ते छताकडे बघत विचार करत असल्याचं दाखवतात, तर तो आव. दारावर बहुरूपी येतो, ते सोंग. पोरी चिंचोक्यांचा भात रांधून बाहुल्यांना वाढतात, त्याला तुमच्यात काय म्हणतात? मी म्हटलं, भातुकली. खोटंखोटं जेवण.

"पाहा!" सर खूष होऊन म्हणाले. "तुमच्यात प्रत्येक कामाले येगळा गडी. आमचा एकटा प्रिटेंड समदं करते. गादीवर हक्क सांगणारा, पन गादी नसलेला राजा असते ना, त्यालेई इंग्रजीत प्रिटेंडरच म्हनतात."

"मग दमत असेल बिचारा," मी म्हटलं. गणिताचे सर तेव्हा छताकडे बघत होते.

पण या भांडणातून सरांचं खरं तत्त्वज्ञान बाहेर आलं. ते म्हणाले, खोट्याचे दोन प्रकार आहेत. दोघांनाही ठाऊक असलं तर तो खेळ, एकालाच ठाऊक असलं तर ती फसवणूक. इंग्रजी शब्दाच्या पोटात दोन्ही आहेत, आणि आपण कुठलं वापरतोय ते वापरणाऱ्याने बघायचं. वर्गात ते फक्त पहिलं वापरायचे. उंद्रीच्या पोराला इंग्रज भेटणार नाही, विमानतळ दिसणार नाही, मग त्याने इंग्रजी बोलायचं कुणाशी? त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "लेट अस प्रिटेंड!" ही गर्जना झाली की शेजारच्या वर्गात माझी कविता आडवी व्हायची.

त्यांचा वर्ग कधी दवाखाना असायचा, कधी पोस्ट ऑफिस, कधी लंडन. प्रिटेंडनंतर 'टू' आला की काम करून दाखवायचं आणि 'दॅट' आला की सगळ्यांनी मिळून गोष्ट मानायची, असा त्यांचा नियम होता. "प्रिटेंड टू स्वीप" म्हटलं की पोरगं नसलेल्या झाडूने झाडणार, आणि "प्रिटेंड दॅट इट इज रेनिंग" म्हटलं की सत्तर पोरं डोक्यावर वह्या धरणार. हा नियम पोरं अजून विसरलेली नाहीत. व्याकरण असं अंगात भिनवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही, आणि हे मी मराठीची शिक्षिका असून सांगते.

एकदा तपासणीला मोठे अधिकारी आले. त्या दिवशी वर्ग म्हणजे एस.टी. होती. बाकं दोन रांगांत लावलेली, पुढे ड्रायव्हर हिसके देत बसलेला, दारात कंडक्टर म्हणून एक लुकडी मुलगी खांद्याला दप्तर लटकवून उभी. अधिकारी आत शिरले तसं तिने त्यांना अडवलं आणि इंग्रजीत विचारलं, कुठे जायचं? मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर मागच्या बाकावर प्रवासी म्हणून बसले होते, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अधिकारी जरा थांबले आणि म्हणाले, "डोणगाव." मुलीने हवेत तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं आणि सुट्टे मागितले. अधिकाऱ्यांनी खिसा चाचपला, हवेतलेच सुट्टे दिले आणि मेहकर येईपर्यंत उभ्याने प्रवास केला, कारण बसायला जागा नव्हती. जाताना ते हसत होते. मुख्याध्यापक तूर्तास काही बोलले नाहीत.

असा हा माणूस. याच्या हातून काही वाईट होईल असं कुणाला वाटलं नसतं. पण झालं.

त्या वर्षी बीटी कपाशीला गुलाबी अळी लागली. बीटीला अळी लागत नाही म्हणून तर सगळ्यांनी ती पेरली होती. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत कुजका कापूस आणि मधोमध ती गुलाबी बया. दिवाळी तशीच गेली. मग कळलं की भरपाईसाठी नुकसानीची पाहणी करायला साहेब येणार आहेत. उंद्रीच्या सरपंचांना त्याचाच घोर लागला. मागच्या पाहणीला साहेबांनी "काय झालं?" विचारल्यावर गावातल्या भल्याभल्यांनी "काही नाही साहेब, बरं हाय" असं सांगितलं होतं. जीप, गॉगल आणि कागद एकत्र दिसले की आमच्या लोकांना बरंच असतं.

सरपंच शाळेत आले आणि म्हणाले, "सर, तुमी पोराईले बोलतं करता. जरा बापाईलेई करा ना."

सरांना हेच हवं होतं. मुख्याध्यापकांचा सफारी, कुणाचा तरी गॉगल आणि आमचीच जीप घेऊन एका रविवारी ते गावाच्या शिवेवरच्या शेतात साहेब म्हणून उतरले. मी बघायला गेले होते. उतरल्याबरोबर त्यांनी बांधावरच्या माणसांकडे असं पाहिलं की सरपंचांनीच नकळत टोपी काढली. "कोणाचं शेत? सातबारा कुठे? अळी काय आत्ताच आली का?" अशी सरबत्ती सुरू झाली. पहिले दोघं त-त-प-प करून बसले. तिसऱ्याने बोंड फोडून साहेबांच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय बरं हाय काय?" टाळ्या पडल्या. दुपारपर्यंत माणसं अशी बोलायला लागली की खऱ्या साहेबांची मला काळजी वाटली.

परतायच्या वेळी पांदणीच्या वाटेने एक म्हातारी बाई आली. तिने पदरात आणलेली बोंडं सरांपुढे ओतली आणि हात जोडून उभी राहिली. सर रंगात होते. त्यांनी एक बोंड फोडलं, अळी बोटावर घेतली, गॉगल वर केला आणि म्हणाले, "उभं पीक तसंच ठेवायचं. मी स्वतः येऊन पाहिल्याशिवाय एक झाड उपटायचं नाही. समजलं?"

"हाव साहेब," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांच्या तोंडी तीच बाई होती. "काय काम केलं तिनं! बाकीचे नाटक करून राह्यले होते, बाई. ते म्हातारी नाटक करून नव्हती राह्यली." यातल्या शेवटच्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता, हे आम्हाला पुढे कळलं.

खरे साहेब आले, उंद्रीकर बोलले, पाहणी झाली. लोकांनी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटली, विहिरींना पाणी होतं तोवर हरभरा पेरून घेतला. एक दिवस आमचा शिपाई किसन चहा देता देता म्हणाला, "आमच्या वाडीत एक वच्छलाबाई हाय. तिनं अजून पऱ्हाटी ठेवली उभी. बाकीच्याईनं पाहनीची वाट नाही पाह्यली, समद्याईचा हरभरा वर आला, हे म्हनते मले साहेबानं सांगतलं, मी येईन तोवर झाड उपटू नको."

"कोणत्या साहेबानं?" मी विचारलं.

"उंद्रीच्या शिवेवर आलते म्हने. उंच. मोठा आवाज."

सरांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. ती उंद्रीची नव्हतीच. शिवेपलीकडच्या वाडीची होती, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि ती वाटेने जाताना साहेब दिसला म्हणून आपल्या शेतात धावत जाऊन बोंडं तोडून आली होती. त्या दिवशी सर परतीच्या जीपमधून उतरले. शर्टाला चुण्या पडल्या होत्या. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही वाडीला गेलो. चहूकडे हरभरा बोटभर वर आलेला आणि मध्ये वच्छलाबाईंची वाळकी, काळवंडलेली पऱ्हाटी. बाई बांधावरच बसलेली होती. सरांना पाहताच उठली.

"आले साहेब! म्या म्हनलंच होतं, येईन म्हनून."

"मावशी," सर म्हणाले, "मी साहेब नाही. मी मास्तर हाय. उंद्रीच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी आमी नुसतं सोंग केलं होतं."

त्यांनी सोंग हा माझा शब्द वापरला, पण त्या वेळी मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज चढवला.

"आता मास्तर झाले काय? काऊन? पाहनी करा लागते म्हनून? मी एकटी बाई, माह्या पाठीशी कोनी नाही, तं मले बनवता? तुमी सांगतलं म्हनून म्या ठेवली उभी. माह्या हरभऱ्याचा दिवस गेला!"

"मी शिक्षिका आहे," मी मध्ये पडले. "हे खरंच मास्तर आहेत. आम्ही एका शाळेत आहोत."

"तुमाले शिकवून आनलं असन," ती म्हणाली.

सरांनी खडूने पांढरी झालेली बोटं दाखवली. ती म्हणाली, हा चुना असेल. मी सरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "सर, साहेब म्हणूनच एकदा सांगून टाका ना, काढा पऱ्हाटी. निदान पेरेल तरी."

"आन मंग खरी पाहनी झाली की तिच्या शेतात दाखवाले काय राहीन?" सर म्हणाले. "एकदा फसवलं ते चुकून, बाई. आता जानूनबुजून नाही फसवनार." मग ते परत तिच्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, बरोबर हाय तुमचं. पाहनी होईन. मी आनतो."

त्यानंतरचा आठवडा यासीन सरांनी जे केलं त्यात खेळ कुठेच नव्हता. रोज शाळेनंतर चिखलीची कृषी कचेरी. वाडीचा नंबर यायचा आहे, माणूस कमी आहे, उद्या या, अशी उत्तरं. सर तिथे गर्जना करत नव्हते. बाकावर बसून राहायचे आणि दार उघडलं की उभे राहायचे. कुणी विचारलं की पहिल्यापासून सगळं सांगायचे, सफारीसकट. ऐकून लोक हसायचे. हसू द्यायचे. एकदा मी म्हटलं, सफारीचं कशाला सांगता? म्हणाले, "तेच तर सांगा लागते."

शेवटी त्या कचेरीतली एक नवी लागलेली मुलगी म्हणाली, "चला, मी येते." पंचविशीतली, पाठीला सॅक, डोक्याला स्कार्फ, स्कूटीवर. तीच खरी साहेब. आम्ही जीपने पुढे गेलो, ती मागून आली.

वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या थेट सरांपुढे उभ्या राहिल्या. "आज तरी पाहाता ना साहेब?"

सरांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते ते मला ठाऊक होतं, त्या मुलीलाही ठाऊक होतं, कारण कचेरीत तिने सगळं ऐकलं होतं. पण तिने त्यांना बोलूच दिलं नाही. सॅकमधून कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं आणि अदबीने म्हणाली, "सर, कुठून सुरू करू?"

यासीन सर तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना खेळात ओढणाऱ्या माणसाला कुणीतरी खेळात ओढलं होतं.

"त्या... त्या कोपऱ्यातून," ते म्हणाले.

मुलीने शेत पाहिलं. ओळीओळीतून चालली, बोंडं फोडली, फोटो काढले, वच्छलाबाईंना नाव-गाव विचारून सगळं लिहून घेतलं. किसन आणि शेजारचा एक जण पंच म्हणून उभे राहिले. प्रत्येक कागद खरा होता, प्रत्येक सही खरी होती. सर बांधावर ताठ उभे होते आणि अधूनमधून मान हलवत होते. सगळं झाल्यावर मुलगी त्यांच्यापुढे आली. "झालं सर. आता पऱ्हाटी काढू द्यायची का?"

वच्छलाबाई सरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काढा," सर म्हणाले. मग ते चपला काढून शेतात शिरले आणि पहिलं झाड त्यांनीच दोन्ही हातांनी उपटलं. खोड घट्ट रुतलेलं होतं. दुसऱ्या हिसक्याला ते मातीत बसलेच. वच्छलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, आणि डोळेही पुसले.

हरभरा उशिरा पेरला गेला, पण पेरला गेला. त्या दिवशी आम्ही निघताना वच्छलाबाई जीपपर्यंत आल्या. "साहेब, एक काम होतं. माही नात हाय सातवीत. वाडीत पोराईले इंग्रजीले मास्तर नाही. तुमची ओळख असन, तं एखादा चांगला मास्तर धाडजा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"धाडतो," ते म्हणाले.

पुढच्या रविवारपासून यासीन सर सायकल घेऊन वाडीला जायला लागले. चिखलीहून किती लांब, चढ किती, तब्येत कशी, काही ऐकायला तयार नव्हते. मी निवृत्त झाले त्या वर्षी एका रविवारी किसनकडे वाडीत लग्न होतं, तेव्हा मुद्दाम त्यांना भेटायला वच्छलाबाईंच्या ओसरीवर गेले. मी त्यांना पाहिलं ते तिथेच शेवटचं. पुढे ते मुलाकडे दूर निघून गेले.

दहा-बारा पोरं गोणपाटावर बसली होती. त्या दिवशी ओसरी म्हणजे जहाज होतं, आणि सर समुद्राकडे बोट दाखवून काही विचारत होते. वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. आधी मला दिला, मग त्यांना. कपाळावर आठी नाही, तोंडावर हसू नाही, कप पुढे करत त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमाले ज्याहीनं धाडलं ते आमचे साहेब बरे हायेत ना?"

सरांनी कप दोन्ही हातांनी घेतला.

"बरे हायेत," ते म्हणाले. "तुमचा हरभरा कसा हाय, ते इचारत होते."

"सांगजा त्याहीले," वच्छलाबाई म्हणाल्या, "औंदा चांगला हाय."